दिलीपची रायफल, माझ्या मापाची

१४ जुलै, रविवार

सकाळी हॅरल्डचा फोन. शूटिंग क्लबचा अध्यक्ष, दिलीपचा जुना दोस्त. काचेचं कपाट तयार झालंय म्हणाला, रायफल कधी आणताय? मी म्हटलं, कसलं कपाट? मग हळूहळू बाहेर आलं. दि.च्या शोकसभेत भाऊजींनी क्लबला शब्द देऊन टाकलाय. दादाची रायफल क्लबच्या भिंतीवर राहील, खाली पितळी पाटी लागेल. दि.ला जाऊन दीड वर्ष झालं. सगळ्यांना ठाऊक, फक्त मला नाही. मी होते की त्या सभेत. लोकांना चहा-पाणी विचारत फिरत होते.

रायफल माझ्या घरात, माझ्या तिजोरीत, किल्ली माझ्या पर्समध्ये. आणि शब्द दिला वेस्ट विंडसरहून दोन दिवसांसाठी आलेल्या दिरानं!

हॅ.ला म्हटलं, विचार करून कळवते. विचार काही करायचा नव्हता. डोकं तापलं होतं, तोंडातून भलतंसलतं जाऊ नये म्हणून तसं म्हटलं.

१५ जुलै

भाऊजींना फोन केला. ते गडबडले, पण मागे हटले नाहीत. "वहिनी, मला वाटलं तुम्हाला बरंच वाटेल. दादाचं नाव राहील. आणि नाहीतरी तुम्ही काय करणार तिचं?"

नाहीतरी तुम्ही काय करणार. दिवसभर हेच डोक्यात. ऑफिसात पगाराच्या दोन एन्ट्र्या चुकल्या, साहेबीणबाईंनी परत पाठवल्या.

वर्ध्याच्या कॉलेजात मी एनसीसीत पॉइंट टू टू रायफल चालवत होते तेव्हा दि.नं फक्त जत्रेतले फुगे फोडले होते. इथे स्टेट कॉलेज नावाच्या या गावात आल्यावर क्लबात त्याला पहिल्यांदा नेलं मी. मग त्याचा नाद वाढला, त्याची मॅचची रायफल आली आणि मी कधी मागच्या खुर्चीत दुर्बीण घेऊन जाऊन बसले ते माझं मलाच कळलं नाही. "शुभे, कुठे लागली सांग." वीस वर्षं सांगितलं, कुठे लागली.

मेलेल्या माणसाचा राग येतो का? येतो. चांगला येतो.

२० जुलै, शनिवार

तिजोरी उघडली. रायफल रिकामी आहे ना, दोनदा बघितलं. मग खांद्याला लावली. छे. सहाफुटी माणसाच्या अंगाची वस्तू ती. बॅरल मुसळाएवढं जाड. दस्त्याला अंगठ्यासाठी भोक, खाली तळहाताला टेकू, मागे खांद्यात अडकवायला लोखंडी आकडा. मी पाच फूट आणि वर काही नाही. त्यात मागच्या वर्षी धरलेला डावा खांदा. उभ्याने धरली तर हात लटपटायला लागले. आरशात पाहिलं, वरवंटा उचललेल्या सुनेसारखी दिसत होते.

क्लबाच्या हिवाळी लीगमध्ये एक गट हलक्या रायफलींचा असतो. शिकारीला नेतात तशा, साध्या दस्त्याच्या, उभं राहून मारायच्या. वजनाची मर्यादा असते. ही त्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट भरेल.

म्हणजे कापायची. बॅरल आखूड, लाकूड निम्मं, आकडा-टेकू सगळं बाहेर. माझ्या मापाची करायची आणि नोव्हेंबरात नेमबाजांच्या लाइनवर उभं राहायचं. दुर्बीण घेऊन नाही.

लिहून ठेवलं. आता माघार नाही.

२१ जुलै

सईला सांगितलं. लेक डब्लिनला, ओहायोत, मोठ्या कंपनीत. "आई, यू आर गोइंग टु कट बाबाज रायफल?"

म्हटलं, हो.

"आय हेट दॅट थिंग. यू नो आय हेट इट. बट स्टिल..."

आणि रडायला लागली. हिला बंदुकीचा मनापासून तिटकारा. लहानपणी शाळेत दिवे मालवून बाकाखाली बसायचं शिकवलेलं, तिचं मला पटतं. मी वाद घालत नाही. पण ते "बट स्टिल" टाळलं. म्हटलं, जेवलीस का?

३ ऑगस्ट, शनिवार

शेजारच्या बेलफोंट गावी गनस्मिथकडे गेले, बंदुका दुरुस्त करतो तो. बॅरलचं काम त्याच्याकडेच, त्यात मी बोट घालणार नाही. रायफल टेबलावर ठेवली तर हात लावायच्या आधी त्यानं चष्मा पुसला.

"मॅम, यू डोन्ट कट समथिंग लाइक धिस."

"आय ॲम नॉट कटिंग. यू आर."

"डझ युवर हजबंड नो?"

"ही इज डेड."

"वुड ही लाइक इट?"

"नो."

यावर तो हसला आणि काम घेतलं. बॅरल बारीक होईल, आखूड होईल, पुढे नेम धरायला साधी माशी. लाकडाचंही करून देतो म्हणाला. म्हटलं, लाकूड माझं मी बघते. दस्ता काढून मला दिला. मी तो बाळासारखा घेऊन गाडीत बसले आणि मग लक्षात आलं की एकदाही त्याला विचारलं नाही, चुकलं तर काय.

१७ ऑगस्ट, शनिवार

आज कापला.

आधी बेतलं. मी आजवर लाकूड बेतलेलं नाही, ब्लाउज बेतलेत. तेच केलं. किराण्याच्या ब्राउन पिशव्या उसवून दस्त्याचा कागद काढला, स्वतःचं माप घेतलं, कोपरापासून बोटापर्यंत, खांद्यापासून गालापर्यंत. कागद कापला, लाकडावर ठेवला, खडूनं आखलं. चहूकडून माया ठेवली, मागच्या टोकाला तर चांगली इंचभर. जास्तीचं कापता येतं, कापलेलं जोडता येत नाही. हे आईनं शिकवलेलं, कात्रीसाठी.

गॅरेजमध्ये दि.चीच करवत.

गालाच्या जागी लाकूड वेगळंच दिसत होतं. काळसर, गुळगुळीत. इतकी वर्षं त्याचा गाल तिथे टेकत होता, दाढी न केलेला, शनिवार सकाळचा. माझी रेघ बरोबर त्यातून जात होती. दुसरीकडून कापता येईल का बघितलं. कागद उलटा धरून बघितला, सरकवून बघितला. नाही येत. माझा गाल खाली येतो.

करवत दोनदा ओढली आणि स्टुलावर बसले. रडले. मग उठून कापला. रडायला काय, कापतानाही रडता येतं.

तुकडा कचऱ्यात टाकला. परत काढला. परत टाकला. ठेवून घेतला असता तर घरात आणखी एक काचेचं कपाट झालं असतं.

२० ऑगस्ट

कचऱ्याची गाडी आली. गेला तो तुकडा. खिडकीतून बघत होते.

१ सप्टेंबर, रविवार

रोज ऑफिसातून आल्यावर कानस. अक्रोडाचं लाकूड, भुसा अंगभर, नाकात, चहात. बोटांच्या कडा सोलल्या. ऑफिसात एकीनं विचारलं, गार्डनिंग का? म्हटलं, हो, तसलंच.

आज पहिल्यांदा दस्ता खांद्याला लावला आणि हलवावा लागला नाही. डोळे मिटून लावला, उघडले, बरोबर होता. गॅरेजमध्ये एकटीच मोठ्यानं "आहाहा" म्हणाले.

७ सप्टेंबर, शनिवार

निशाकडे गणपती. बातमी आधीच पोचलेली. कशी पोचते कोण जाणे, गावात मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. मोदक वाढता वाढता निशा म्हणाली, "शुभदा, तू म्हणे दिलीपची बंदूक तोडलीस?"

सगळ्या ताटांवरच्या माना वर.

म्हटलं, "तोडली नाही गं, अल्टर केली. तू नाही का सासूबाईंच्या शालूचा अनारकली शिवलास?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? त्याही गेल्या होत्या."

निशानं माझ्या पानात दोन मोदक जास्त टाकले आणि पुढे सरकली. खाली बसलेला एक पुण्याचा पोरगा, पीएचडीवाला, घाबरत म्हणाला, "काकू, तुम्ही खरंच गन चालवता?" म्हटलं, तूप घे.

१५ सप्टेंबर, रविवार

दस्त्याला तेल. सगळीकडे लिहिलंय की अक्रोडाला लिन्सीड तेल चांगलं. लिन्सीड म्हणजे आपलं जवस! मी तर हसलेच. वर्ध्याला घरोघरी जवस. चटणी जवसाची, वर घ्यायला तेल जवसाचं. फळीवर बाटली होतीच, इंडियन स्टोअरमधून आणलेली. हार्डवेअरच्या दुकानात कशाला जा?

हातानं चोळून लावलं, चांगलं तीनदा. लाकडाचा रंग काय खुलला! गॅरेजला चटणीभाकरीचा वास.

२१ सप्टेंबर

वाळलं नाही अजून. चिकट आहे. हवा दमट आहे म्हणून असेल.

२४ सप्टेंबर

दमट कसली. मधमाशी येऊन बसली ती उठेना. बोट लावलं की बोटाचा ठसा. काय चुकलं?

२८ सप्टेंबर, शनिवार

हॅरल्ड न सांगता आला. कपाटाचं विचारायला. मी गॅरेजचं दार उघडं टाकून बसलेले, समोर वर्तमानपत्रावर दस्ता. लपवायला वेळच नव्हता आणि लपवायचं तरी कशाला?

तो दस्त्याकडे वाकला. मग म्हणाला, "इट वॉज प्रॉमिस्ड टु अस."

"नॉट बाय मी."

"यू रुइन्ड इट."

आणि दस्ता उचलायला गेला. वर्तमानपत्र दस्त्याला चिकटलं, दस्ता त्याच्या हाताला. हात वास घ्यायला नाकाशी नेला. काय लावलंय विचारलं. सांगितलं. कुठून आणलं? म्हटलं, किचनमधून. त्याला हसू आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण नाही. पँटला हात पुसले आणि म्हणाला, लीगमध्ये आणायची असेल तर वजन होईल, तपासणी होईल, नियम म्हणजे नियम. आणि निघून गेला.

त्याच्या डोळ्यांतलं पाणी मी पाहिलं. दि.चा खरा मित्र तो. ते मान्य. पण मित्रानं रायफल मागावी आणि बायकोनं द्यावी, हा कुठला हिशेब?

२९ सप्टेंबर

हार्डवेअरच्या दुकानात डबा हातात घेऊन वाचला. लाकडाला लावायचं ते वेगळं तेल, त्यात लवकर वाळायचं औषध असतं. खायचं तेल वाळायला महिने घेतं. अख्खं बालपण जवस खाऊन काढलं आणि ही अक्कल आली पन्नाशीनंतर, परदेशात.

सगळं टर्पेंटाइननं पुसून काढलं, परत घासलं. दोन आठवड्यांची मेहनत मातीत. खांदा ठणकतोय. तोंडानं दि.ला शिव्या, त्याचा काय संबंध?

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

दि. असताना खंडेनवमीला रायफल पाटावर असायची. झेंडूचा हार, हळदकुंकू. मी नैवेद्य दाखवायची. या वर्षी पाटावर मांडलं ते असं: दस्ता, नवं तेल लावून वाळलेला, गनस्मिथकडून आलेलं बॅरल, कानस, करवत, माझी शिवणाची कात्री. सगळ्यांना हळदकुंकू. झेंडू मिळाले नाहीत, परसातली शेवंती वाहिली.

तेवढ्यात भाऊजींचा व्हिडिओ कॉल. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा वगैरे. मग म्हणाले, "वहिनी, रायफल दाखवा ना. दादा दाखवायचा दर वर्षी."

मी फोन वळवला.

त्यांना आधी कळेचना. मग कळलं. "हे काय केलंत तुम्ही?"

मी फोन तसाच धरून ठेवला.

"दादाचं काही शिल्लक ठेवलंत का?"

"मी आहे ना शिल्लक," म्हटलं.

फोन बंद झाला. त्यांनी केला की माझं बोट लागलं, आठवत नाही. बोलले ते वाईट नव्हतं. पण भाऊजींचा चेहरा पांढरा पडला होता आणि नाक दि.सारखंच आहे, हे आजवर कधी जाणवलं नव्हतं.

श्रीखंड एकटीनं खाल्लं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

जोडली. रेंजवर पहिल्यांदा नेली, सकाळी कोणी नसताना. थंडी कडक, जाड जॅकेट घातलेलं. खांद्याला लावली तर मागे लांब! डोळा माशीपर्यंत पोचेना. घरी सुती कुर्त्यावर माप घेतलेलं. ऑगस्टमध्ये नोव्हेंबरचं जॅकेट कोणाला आठवतं? आणि वर ती इंचभर माया ठेवलेली, तीच नडली.

घरी येऊन जॅकेट घालूनच गॅरेजमध्ये बसले आणि इंच कापला. या वेळी मध्ये थांबले नाही. संध्याकाळी परत गेले. कागदावर भोकं पडली ती जवळजवळ. फार नाही, पण एकाच घरातली वाटावीत एवढी.

३ नोव्हेंबर, रविवार

सईचा फोन. सहज विचारल्यासारखं, "सो हाऊ इज द... थिंग?" म्हटलं, छान आहे, हलकी आहे. मग तिनं विचारलं, "आर यू हॅपी, आई?" म्हटलं, चिडलेली आहे. "दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड." खरं आहे तिचं. पण मला सध्या दोन्ही वेगवेगळं सांगता येत नाही.

भाऊजींचा दिवाळीचा फोन नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा. मीही केला नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

लीगची पहिली फेरी.

काटा टेबलावर. हॅरल्डनं स्वतः वजन केलं. मी श्वास धरला होता, जणू माझंच वजन होतंय. मर्यादेच्या आत बसली, जेमतेम. त्यानं उलटीसुलटी करून बघितली, ट्रिगर तपासला, दस्त्यावर अंगठा फिरवला, चिकटतोय का म्हणून असणार. मागून कोणीतरी विचारलं, "इजन्ट दॅट दिलीप्स?" हॅरल्ड म्हणाला, "इट वॉज." आणि माझं नाव लिहिलं.

उभी राहिले. पहिल्या गोळ्या कुठेही. चष्म्यावर वाफ. शेजारचा माणूस चांगला हातभर उंच. मग एकदा श्वास सोडला आणि कॉलेजच्या मैदानातली ती हवालदारीण आठवली, "घाई कुठे आहे पोरी, कागद पळून जात नाही" म्हणणारी. मग लागायला लागल्या.

नंबर खालून चौथा. माझ्यामागे तीन पुरुष आहेत, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

पण खरं लिहायचंय ते वेगळं. घरी येताना लक्षात आलं की लाइनवर उभी होते तेवढा वेळ दि. एकदाही मनात आला नाही. त्याच्याच रायफलीवर गाल टेकून. तो गेल्यापासून असं झालेलं नाही. गाडी बाजूला घेतली. वाईट वाटलं आणि इतकं हलकं वाटलं की त्याचंही वाईट वाटलं.

१७ नोव्हेंबर

हॅरल्डचा मेसेज. कपाट रिकामं आहे, लोक विचारतात, त्यात काय ठेवू? उत्तर लिहिलं, "ट्रॉफी ठेवा. मी जिंकले की देईन." नुसता अंगठा आला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

भाऊजी. दसऱ्यानंतर आज पहिल्यांदा. फोन नाही, लांबलचक मेसेज.

कोणा माहितगाराला विचारलंय म्हणे. जुन्या मॉडेलचा दस्ता मिळतो, बॅरल मिळतं, रायफल पुन्हा होती तशी करता येईल, सगळं ते बघतील, मला काही त्रास नाही. "शनिवारी येतो वहिनी. समोरासमोर बोलू. तुम्ही रागावू नका. दादा गेला तेव्हा मी विमानात होतो, माझ्या हाताला त्याचं काहीच लागलं नाही."

हे वाचून बसून राहिले. हे आधी बोलले असते तर? आधी बोलले असते तर मी काय केलं असतं, कोण जाणे. तोच दस्ता उचलून दिला असता कदाचित. बरं झालं नाही बोलले. असंही वाटलं आणि लगेच लाजही वाटली.

पण परत होती तशी करायची? माझा गाल कुठे जाईल मग?

तीनदा लिहिलं, खोडलं. शेवटी पाठवलं ते असं:

"या भाऊजी. दुसरी फेरी आहे, मी सकाळी रेंजवर असेन, दुपारी येईन. रायफल माझ्यासोबत असेल. दार उघडं ठेवते. वरणभात कुकरमध्ये, लोणचं वरच्या फळीवर. थांबू नका, आपापलं वाढून घ्या."

सदतीस वर्षांच्या संसारात दिराला असं सांगितलेलं नाही. वाचून परत घ्यावंसं वाटलं, घेतलं नाही.

निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही. तांदूळ एकीचे धुवायचे की दोघांचे, ते शनिवारी सकाळी बघू.